मंडळी

‘मंडळी’ हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. घरी पाहुणे आले की ‘मंडळी आली’ असे आपण म्हणतो. पंगतीत बसलेले सारे मंडळीच. नाटकाचा संच ती नाटक मंडळी, टाळ-मृदंग घेऊन बसते ती भजनी मंडळी. जुन्या पिढीतले गृहस्थ तर पत्नीचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असा करीत. बाई एकटी, पण शब्द मात्र समुदायाचा! ज्यांनी नवा करार मराठीत आणला त्यांच्यापुढे ‘एक्लेसिया’ हा ग्रीक शब्द होता. ग्रीक नगरांत नागरिकांना बोलावून जी सभा भरवीत तिला हा शब्द लावीत. त्यासाठी एखादा भारदस्त संस्कृत शब्द घडविता आला असता. पण मराठी ख्रिस्ती लोकांच्या तोंडी बसला तो ‘मंडळी’. इमारतीला आम्ही देऊळ म्हणतो, चर्च म्हणतो. तिच्यात जमणाऱ्या माणसांना मात्र मंडळी म्हणतो. मला ही निवड फार समर्पक वाटते. पाहुणे, पंगत, भजन आणि संसार या चारही गोष्टींचा वास त्या शब्दाला आहे. आणि ख्रिस्ती मनुष्य वाढतो तो बहुधा याच चार ठिकाणी.

श्रोते हो, आपल्यापैकी पुष्कळ जण ख्रिस्ती नसतील. तरीही मी ज्या प्रश्नाविषयी बोलणार आहे तो आपल्या ओळखीचा आहे. देव मनात असला म्हणजे पुरे, त्यासाठी चार माणसांत जाऊन बसण्याची गरज काय, असे आज पुष्कळ जण विचारतात. शिकलेली माणसे तर हटकून विचारतात. घरी ग्रंथ आहे, प्रार्थना करावयास कोपरा आहे, प्रवचने आता खिशातल्या यंत्रावरही ऐकावयास मिळतात. मग दर आठवड्याला त्याच त्या माणसांची तोंडे पाहावयास कशासाठी जावयाचे? हाच प्रश्न वारकऱ्याला विचारून पाहावा. विठ्ठल सर्वत्र आहे हे त्याला ठाऊक नसते असे नाही. पण तो पंढरीची वाट धरतो ती दिंडीतून, आणि दिंडीत आपल्या पुढे कोण चालावे आणि मागे कोण, हे काही त्याने ठरविलेले नसते.

मला या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ग्रंथालयात जावे लागले नाही. माझा जन्म भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये झाला.

भिलाई हे नाव आपण पोलादाच्या संदर्भात ऐकले असेल. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने हा कारखाना उभारण्याचा करार १९५५ च्या फेब्रुवारीत झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुर्ग जिल्ह्यातला हा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. पुढे भोपाळकडे गेला आणि २००० सालापासून छत्तीसगडात आहे. कारखान्याच्या अधिकाऱ्यांसाठी आणि कायम नोकरांसाठी आखीव सेक्टर उभे राहिले. कॅम्प हे नावच सांगते की ती वस्ती मुक्कामापुरती होती. बांधकामावर आलेल्या मजुरांनी, कारागिरांनी पॉवर हाऊस स्टेशनच्या बाजूला आपले संसार थाटले, आणि मुक्काम कधी संपलाच नाही. आंध्रातले आले, ओरिसातले आले, केरळातले, बिहारातले आले. छत्तीसगडच्या खेड्यांतून तर आलेच. माझे वडील राहुरी तालुक्यातले. फिटरचे काम शिकलेले. दोन वर्षे राहून परत जाऊ, असे आईला सांगून ते १९५८ साली आले. ती दोन वर्षे संपण्याची वाट पाहत आईने कॅम्पात बत्तीस वर्षे काढली.

आई-वडील नगरकडचे मराठी ख्रिस्ती. गावाकडे मंडळी म्हणजे काय हे त्यांना विचारावे लागले नव्हते. तेथे पाळक साहेब होते, घंटा होती, चुलते-मावळे होते, आणि रविवारी देवळात बसावयाची जागाही आजोबांपासून ठरलेली होती. कॅम्पात आल्यावर यातले काहीच नव्हते. रविवारच्या उपासनेसाठी लांब जावे लागे आणि पाळीची नोकरी असल्यामुळे वडिलांना ते दर रविवारी साधत नसे. म्हणून बुधवारी संध्याकाळी घरोघरी प्रार्थनासभा भरू लागली. तीत दोन तेलुगू कुटुंबे होती, एक मलयाळी परिचारिका होती, एक ओडिया सुतार होता, आणि धमतरीकडून आलेले एक छत्तीसगडी घर होते. मराठी आमचे एकट्याचे. शेजारी तेवढे मिळाले. निवड करावयास वावच नव्हता.

धमतरीच्या उल्लेखाबरोबर एक गोष्ट सांगितली पाहिजे. छत्तीसगडातली ख्रिस्ती मंडळी कारखान्याच्या कितीतरी आधीची आहे. ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने १८६८ साली बिश्रामपूर येथे काम सुरू केले. धमतरीस अमेरिकेतले मेनोनाइट लोक १८९९ साली आले, ते नेमके मोठ्या दुष्काळाच्या तोंडावर. त्यामुळे उपदेशाआधी त्यांना अन्नवाटप आणि पोरक्या मुलांचा सांभाळ करावा लागला. आमच्या सभेतले धमतरीचे काका याच परंपरेतले. ते मला म्हणत, ‘तुमच्याकडे आधी शाळा आली, आमच्याकडे आधी खिचडी आली.’ हे ते विनोदाने म्हणत, पण त्यात त्यांचा एक अभिमानही होता.

आमची बुधवारची सभा पहिली दोन वर्षे फारशी गोड चालली नाही. भांडण भाषेवरून होते. तेलुगू मंडळी संख्येने अधिक. त्यांना त्यांची गीते हवीत. वडील ‘उपासना संगीत’ उशाशी घेऊन झोपणारे; नारायण वामन टिळकांचे एकही पद न म्हणता सभा उठली की त्यांना उपवास घडल्यासारखे वाटे. हिंदी कोणाचीच मायबोली नव्हती, म्हणून ती सर्वांना सारखीच अवघड, आणि म्हणून सर्वांना न्याय्य! शेवटी प्रार्थना आणि वाचन हिंदीत आणि गीते ज्याच्या घरी सभा असेल त्याच्या भाषेत, असा तह झाला. पण तहाने शांतता येते, जवळीक येत नाही.

पुढे अभ्यास करताना माझ्या ध्यानी आले की ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातले पहिले नोंदलेले घरगुती भांडण असेच भाषेवरून झाले होते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ते आहे. यरुशलेमेतल्या मंडळीत दोन प्रकारचे यहुदी होते: ग्रीक बोलणारे आणि तिथली भाषा बोलणारे. मंडळीतर्फे विधवांना रोज अन्न वाटले जाई. त्या वाटपात आमच्या विधवा वगळल्या जातात, अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली. प्रेषितांनी काय करावे? ऐक्यावर एखादे उत्तम प्रवचन देता आले असते. त्यांनी ते दिले नाही. सर्व समुदायाला बोलावून त्यांनी सात माणसे निवडावयास सांगितले आणि वाढण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. त्या सातांची नावे ग्रंथात दिली आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती सर्वांच्या ताटात वाढण्याचे काम दिले. मला या गोष्टीतला व्यवहारी शहाणपणा फार आवडतो. ‘डीकन’ हे आज मंडळीतले मानाचे पद आहे; पण तो शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ पंगतीत वाढणारा सेवक असाही होतो. हे काम ज्याला मोठ्या पदाची पहिली पायरी वाटते, त्याने तो शब्द अजून वाचलेला नाही असे समजावे.

आमच्याकडेही काहीसे असेच घडले. एका तेलुगू घरातली आजी विषमज्वराने अंथरुणाला खिळली. तिचा मुलगा रात्रपाळीत, सून बाळंतपणासाठी माहेरी. मलयाळी ताईने सांगितले की रात्री कोणीतरी उशाशी बसले पाहिजे. पाळ्या लावल्या गेल्या. पहिली रात्र आईच्या वाट्याला आली. आईला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता आणि आजीला मराठी काय, हिंदीही येत नव्हती. सकाळी आई घरी आली ती ‘नीळ्ळू’ म्हणजे पाणी एवढा एक शब्द शिकून. तीन आठवडे हे चालले. आजी बरी झाली, पुढे पुष्कळ वर्षे जगली. पण त्यानंतरच्या बुधवारी तेलुगू गीत सुरू झाले तेव्हा आईचे ओठ हलत होते. अर्थ तिला कळत नव्हता. चाल तिने आजीच्या उशाशी ऐकली होती. भाषेचे भांडण कोणत्या दिवशी मिटले हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

आपल्या भागाचा आणि मराठी ख्रिस्ती मंडळीचा एक जुना संबंध आहे, तो येथे सांगण्याचा मोह मला आवरत नाही. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत एक तरुण मराठी कवी बसला होता. त्याच्या शेजारच्या युरोपियन गृहस्थाशी त्याच्या गप्पा झाल्या. उतरताना त्या गृहस्थाने त्याला नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. राजनांदगाव आमच्या भिलाईहून रेल्वेने सुमारे ४० किलोमीटर. लहानपणी त्या मार्गाने जाताना वडील आम्हांला खिडकीतून बाहेर बघावयास लावीत. जणू ते पुस्तक देणारा साहेब अजून फलाटावर उभा असावा! १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरे ठरले.

पण मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंविषयी अधिक बोलावयाचे आहे. टिळकांना गाडीत पुस्तक मिळाले, ते एकट्याने वाचता आले, एकट्याने निर्णय घेता आला. लक्ष्मीबाईंची वाट अशी नव्हती. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर नातलगांकडे राहिल्या. पुढे मुलाला घेऊन त्या टिळकांकडे आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. सोवळे-ओवळे सांभाळीत, चूल वेगळी ठेवीत आल्या. त्यांना तर्काने कोणी पटविले नाही. राहुरीत असताना, दुष्काळाच्या त्या दिवसांत, जातिभेद हा देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. माणसानेच केला असे उत्तर आले आणि त्यांनी तो त्याच दिवशी सोडला. कोणाच्याही हातचे खावयाचे-प्यावयाचे असे ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. ज्यांनी ‘स्मृतिचित्रे’ वाचले आहे त्यांना ही हकिकत ठाऊक आहे. मला तिच्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी पंगत, मग पंथ. आधी दुसऱ्याच्या हातचे पाणी, मग पाण्याचा संस्कार.

आणि पुढे त्यांचे घर हीच एक मंडळी झाली. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, त्या घरात कोण राहिले नाही? टिळक वाटेत भेटेल त्याला घरी आणीत आणि त्याचे पोट भरण्याची चिंता लक्ष्मीबाईंवर टाकून पुन्हा कवितेकडे वळत. सेवेचा हा श्रमविभाग काही आदर्श नव्हे, आणि लक्ष्मीबाईंनीही तो हसत हसत पण स्पष्ट नोंदवून ठेवला आहे. बालकवी ठोंबरे याच घरात काही काळ राहिले. ते ख्रिस्ती नव्हते आणि झालेही नाहीत. पण लक्ष्मीबाईंच्या मायेत त्यामुळे काही उणे पडले नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे सांगणाऱ्या मनुष्याला मंडळीची भिंत खुपणे साहजिकच होते. दोन वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते वारले आणि दरबार संस्था म्हणून फार पुढे गेला नाही. भिंत नको आणि तरी घर हवे, या दोन इच्छांचा मेळ घालणे टिळकांनाही पुरते साधले नाही. आपल्याला ते सहज साधेल असे मानण्याचे कारण नाही.

पंडिता रमाबाईंनी हा मेळ वेगळ्या रीतीने घातला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात, म्हणजे आमच्याच बाजूला, येऊन गेल्या आणि शेकडो अनाथ मुली-बायका बरोबर घेऊन परतल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. पुढे १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिकडच्या निराधार मुलींना आणावयास मुक्तीतल्या बायका गेल्या. ज्यांना काल कोणी हात देऊन उठविले होते, त्याच आज हात देण्यास निघाल्या. केवळ दया घेत राहिल्या असत्या तर त्या आश्रमात राहणाऱ्या बायका झाल्या असत्या. हात देण्यास निघाल्या म्हणून मंडळी झाल्या. मला तर वाटते, सेवेचा खरा उपयोग कोणाला होतो याचा हिशेब आपण नेहमी उलटा मांडतो.

मी स्वतः या बाबतीत फार उशिरा शिकले. महाविद्यालयात जाऊ लागल्यावर बुधवारची सभा मला कंटाळवाणी वाटू लागली. तीच गीते, त्याच प्रार्थना, सुतारकाकांची ती न संपणारी साक्ष. मी आईला सांगितले की मला तेथून काहीच मिळत नाही, मी घरी वाचीत बसेन. आई तांदूळ निवडीत होती. ती म्हणाली, “अगं, तू पाहुण्यासारखी जातेस, म्हणून कंटाळतेस. पाहुण्याला परक्या घरची घटका फार मोठी वाटते. उद्यापासून सतरंज्या तू घाल, आणि उठल्यावर कपबशा तू विसळ.” मी रागानेच सतरंज्या घालावयास लागले. कोणाचे गुडघे दुखतात म्हणून त्याला भिंतीशी जागा हवी, कोणाला चहात साखर चालत नाही, कोण आपल्या मुलाविषयी विचारले की डोळे पुसते, हे मला सतरंज्या घालताना कळले. सुतारकाकांची साक्ष लांबते ती घरी त्यांचे ऐकणारे कोणी उरले नाही म्हणून, हे मला कपबशा विसळताना कळले. वेदान्त असो की बायबल, जे ज्ञान हात गुंतल्याशिवाय होत नाही अशा ज्ञानाचा एक वर्ग आहे.

सेवेने माणूस नम्र होतो असे म्हणतात. मी झाले नाही. दवाखान्यात किती जणांना भेटले याची मी एका वहीत नोंद ठेवू लागले होते. वही ईश्वरासाठी नव्हती हे सांगावयास नको. एके दिवशी मलयाळी ताईंनी ती पाहिली, काही बोलल्या नाहीत, फक्त ती मिटून माझ्या हाती दिली. त्यांचे ते न बोलणे मला अजून लागते. एकटी असते तर त्या वहीच्या आणखी चार वह्या झाल्या असत्या. मंडळीत एक सोय अशी असते की आपले सोंग ओळखणारे कोणीतरी तेथे हजर असते. आणि ज्याने ते ओळखले त्यालाच पुढच्या बुधवारी पुन्हा भेटावयाचे असते.

आता जी गोष्ट सांगावयाची ती या सर्वांच्या आधीची आहे आणि ती सांगणे मला जड जाते. तरी ती सांगितल्याशिवाय हे भाषण खरे होणार नाही.

मी अकरावीत होते. एका बुधवारी आमच्या सभेत एक वृद्ध गृहस्थ आले. कॅम्पातल्या नाल्या साफ करण्याचे काम ते करीत. आम्ही सारे त्यांना येता-जाता पाहत असू. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते आले होते आणि दाराजवळ सतरंजीच्या कडेला बसले. सभेला गर्दी होती. मागून आलेली माणसे दाटीवाटीने बसली. पण त्यांच्या शेजारी एका माणसाची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. कोणी काही बोलले नाही. कोणी तोंड वाकडे केले नाही. ज्याने त्याने फक्त दुसरीकडे जागा पाहिली. मी उशिरा आले होते, दारातच उभी होते, ती जागा माझ्यापासून दोन पावलांवर होती. मीही आत जाऊन मैत्रिणीच्या मांडीला मांडी लावून बसले. त्या संध्याकाळी वाचन कोणते होते हे मी मुद्दाम सांगत नाही. ते इतके समर्पक होते की खोटे वाटेल.

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. त्यापुढच्याही नाही.

आमच्यातले बहुतेक जण ज्या घरांतून आले होते त्या घरांनी तीन-चार पिढ्यांपूर्वी हीच रिकामी जागा आपल्या शेजारी पाहिली होती. देवळात, पाणवठ्यावर, शाळेत पाहिली होती. ख्रिस्ताच्या मंडळीत ती जागा नसेल, या आशेने पुष्कळ जण मंडळीत आले. आणि ती जागा आम्ही बरोबर आणली होती. छत्तीसगडात आणली, तेलुगूत आणली, मराठीत आणली. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात उत्तर भारतातल्या सहा ख्रिस्ती संघटना आपापली वेगळी नावे सोडून एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया निर्माण झाले. वडील तो सोहळा पाहावयास मुद्दाम नागपूरला गेले होते आणि पुढे कित्येक दिवस त्याचे वर्णन करीत. सहा संघटनांचे ऐक्य आमच्या अंगणापर्यंत पोहोचले होते. दोन सतरंज्यांमधली हातभर जागा मात्र ओलांडली गेली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात आईने मला विचारले, “ते बाबा त्या दिवशी आले होते, त्यांच्याजवळ कोण बसले होते गं?” तिने ते पाहिले होते, मी काय सांगते हे तिला पाहावयाचे होते. मी म्हटले, कोणी नाही. “आणि तू?” मी गप्प राहिले. आईही गप्प राहिली. मग तिने ‘स्मृतिचित्रे’ची जीर्ण प्रत काढली नाही, बायबल उघडले नाही; पायांत चपला घातल्या आणि मला चल म्हणाली.

रेल्वेच्या रुळांकडच्या बाजूला त्यांची खोली होती. आम्हांला पाहून ते गोंधळले. काही काम आहे का, नाली तुंबली आहे का, असे त्यांनी हिंदीतून विचारले. आई म्हणाली, “काम काही नाही बाबा. तुम्ही आला नाहीत म्हणून आलो.” आईचे हिंदी तोवरही नगरीच होते. त्यांच्या सुनेने आम्हांला बसावयास खाट दिली. आई खाटेवर बसली नाही, जमिनीवर बसली. म्हणून मीही बसले. आम्ही काही घेऊन गेलो नव्हतो. वाटेत मी म्हटले होते की बिस्किटे तरी घेऊ, तेव्हा आईने मला गप्प केले होते. त्याचे कारण मला तिथे कळले. सुनेने चहा केला. कानतुटक्या दोन कपांत, आणि स्वतः बाबांना पेल्यात. आईने चहा घेतला आणि आणखी आहे का म्हणून विचारले. ती कधी दुसऱ्यांदा चहा घेत नसे.

मी माझा कप किती वेळ हातात धरून बसले होते, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. फार वेळ नव्हे. पण धरून बसले होते. आणि बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. ते मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होते, मला पुरेसा वेळ मिळावा म्हणून. इतकी सभ्यता मला आयुष्यात फार थोड्या लोकांनी दाखविली आहे. मी चहा प्याले. तो फार गोड होता.

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. त्यानंतर आले. मी सतरंजीच्या कडेला, दाराजवळ, आधीच जाऊन बसले होते. ते आले आणि थोडे अंतर ठेवून बसले. अंतर ठेवण्याची सवय आता त्यांची होती, माझी नव्हे, एवढाच फरक. मी सरकले. सभा संपल्यावर मुलींनी सतरंज्या झटकावयास घेतल्या तेव्हा ते उठले आणि एका टोकाला उभे राहिले. सतरंजी लांब होती. दोन माणसांशिवाय तिची घडी नीट होत नसे. त्यांनी दुसरे टोक धरण्यासाठी माझ्याकडे पाहिले.